ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उतरवण्याआधी: दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीची टप्प्याटप्प्याने तपासणी

सकाळी गाडी सुरू करून ‘डी’मध्ये टाकली की क्षणभर काहीच होत नाही, मग ठोका बसून ती निघते. किंवा सिंहगड रोडच्या गर्दीतून बाहेर पडून पिकअप मागितला की रेस वाढते, वेग वाढत नाही. दीड लाख किलोमीटर ओलांडलेल्या ऑटोमॅटिक गाडीत असं झालं की गॅरेजमधलं उत्तर बहुधा ठरलेलं असतं: बॉक्स गेला, उतरवावा लागेल. कधी ते खरंही असतं. पण एक लिटर कमी पडलेलं तेल, दमलेली बॅटरी, उंदराने कुरतडलेली वायर आणि फाटलेलं इंजिन माउंटिंग यांचीही लक्षणं जवळपास अशीच असतात. बॉक्स एकदा खोलला की तेलाची मूळ पातळी, कोड आणि गरम-थंड असतानाची वागणूक हा सगळा पुरावा नाहीसा होतो. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा आहे. जे बाहेरून आणि स्वस्तात कळतं ते आधी, आणि पाना लावून खोलायचं ते शेवटी.

सामान फार लागत नाही: मल्टिमीटर, गाडीच्या गिअरबॉक्सचे कोड वाचू शकणारा स्कॅनर, पांढरा टिश्यू पेपर, टॉर्च, दोन लाकडी गुटके आणि वही. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. चारही बाजूंना स्टँड लावा किंवा लिफ्ट असलेल्या गॅरेजमध्ये जा.

आधी बॉक्स कोणत्या जातीचा ते ठरवा

‘ऑटोमॅटिक’ या एका शब्दाखाली आपल्याकडे चार वेगवेगळ्या यंत्रणा विकल्या जातात: टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, ड्युअल क्लच आणि एएमटी. एकीची चाचणी दुसरीवर केली तर चांगला बॉक्सही बिघडू शकतो. नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. होंडा सिटीच घ्या. २००३ च्या पिढीत सीव्हीटी होता, २००८ नंतरच्या पिढीत ५ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आला आणि २०१४ पासून पुन्हा सीव्हीटी. चाकणच्या कारखान्यात बनलेल्या पोलो जीटी टीएसआयमध्ये १.२ लिटर इंजिनाला ७ गिअरचा ड्युअल क्लच होता, तर नंतरच्या १.० लिटर इंजिनाला ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर. मारुतीच्या बलेनोलाही आधी सीव्हीटी होता, २०२२ पासून एएमटी आहे. म्हणून गाडीचं वर्ष, इंजिन आणि बॉक्सवरच्या पट्टीवरचा कोड वहीत लिहून घ्या.

या लेखाचा मुख्य भाग टॉर्क कन्व्हर्टरच्या बॉक्सबद्दल आहे, म्हणजे ज्यात इंजिनाची ताकद तेलाच्या प्रवाहातून बॉक्सकडे जाते. बाकी तिघांपुरतं थोडक्यात: एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल बॉक्सच, त्याचा क्लच आणि गिअर यंत्राने हलतात. तिथे क्लच प्लेट संपणं आणि अ‍ॅक्च्युएटर बिघडणं हे दोन संशयित आधी तपासायचे. कोरड्या ड्युअल क्लचच्या बॉक्समध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर येत असेल तर क्लचकडे बघा. गिअरचा दर्शक लुकलुकून गाडी अचानक न्यूट्रल होत असेल तर मेकॅट्रॉनिक युनिटकडे, म्हणजे क्लच आणि गिअर हलवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक भागाकडे. सीव्हीटीमध्ये पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये फिरतो. वेगाबरोबर वाढणारी शिट्टी आणि हळू वेगातली थरथर ही त्याची लक्षणं. सीव्हीटीत साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) कधीही घालू नका, पट्ट्याला लागणारं घर्षण त्या तेलात मिळत नाही.

वही: लक्षण नेमकं कधी येतं

‘झटका मारते’ एवढ्यावरून निदान होत नाही. गाडी थंड असताना की अर्ध्या तासानंतर, पुढे जाताना की रिव्हर्सला, कोणत्या गिअरवरून कोणत्या गिअरवर जाताना, हलक्या पायाने की जोर दिल्यावर, हे सगळं लिहा. थंडपणी त्रास आणि गरम झाल्यावर आराम असेल तर कडक झालेले रबरी सील किंवा कमी तेल यांचा संशय धरायचा. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचा पारा १० अंशांखाली जातो, तेव्हा हे दुखणं आधी जाणवतं. उलट, सकाळी उत्तम चालणारी गाडी गर्दीत तापल्यावर घसरायला लागत असेल तर झिजलेला पंप, व्हॉल्व्ह बॉडीतली (तेलाचा दाब वेगवेगळ्या क्लचकडे वळवणाऱ्या भागातली) गळती किंवा संपत आलेले क्लच, कारण गरम तेल पातळ होतं आणि प्रत्येक फटीतून दाब निसटतो. ज्या बॉक्सला गरमपणी त्रास आहे तो थंडपणी तपासून ‘ठीक आहे’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

तेल: पातळी, रंग, वास

ही तपासणी घाईत उरकू नका. या बॉक्समध्ये तेल फक्त वंगण म्हणून नसतं. त्याच्याच दाबावर क्लच आवळले जातात, त्याच्यातूनच कन्व्हर्टर ताकद पोचवतो आणि उष्णताही तेच बाहेर नेतं.

डिपस्टिक असेल तर गाडी सपाट जागी उभी करा, दहा-पंधरा किलोमीटर चालवून तापवा. ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक स्थितीत दोन-तीन सेकंद थांबवत ‘पी’वर आणा आणि इंजिन चालू ठेवूनच ‘हॉट’च्या खुणेवर पातळी बघा. होंडाच्या अनेक बॉक्समध्ये पद्धत वेगळी आहे: इंजिन तापवून बंद करायचं आणि ६० ते ९० सेकंदांच्या आत पातळी बघायची.

अलीकडच्या बऱ्याच गाड्यांना डिपस्टिकच नसते. चेंबरला, म्हणजे बॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ट्रेला, ओव्हरफ्लो प्लग असतो. गाडी चारही चाकांवर समपातळीत उचलायची, स्कॅनरवर तेलाचं तापमान बघायचं आणि कंपनीने दिलेल्या तापमानाला, जे अनेक बॉक्ससाठी ३५ ते ४५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असतं, इंजिन चालू ठेवून प्लग उघडायचा. तेल थेंब-थेंब येऊन थांबत आलं तर पातळी बरोबर. काहीच आलं नाही तर कमी. ८० अंशांवर प्लग उघडणारा फिटर तुमच्या बॉक्समधून चांगलं तेलही काढून टाकतो, कारण गरम तेल फुगलेलं असतं. तो तापमान बघतो की नाही, याकडे लक्ष ठेवा. तेल जास्त झालं तरी वाईटच. फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो आणि फेसावर दाब तयार होत नाही.

एटीएफ इंजिन ऑइलसारखं जळून कमी होत नाही. पातळी खाली गेली म्हणजे गळती आहे, मग ती दिसो न दिसो. चेंबरचं गॅसकेट, दोन्ही अ‍ॅक्सलचे सील, कूलरचे पाइप आणि लिव्हरच्या शाफ्टचा सील या क्रमाने बघा. इंजिन आणि बॉक्सच्या जोडाखालून लाल थेंब पडत असेल तर कन्व्हर्टरचा पुढचा सील गेला आहे. त्यासाठी मात्र बॉक्स उतरवावाच लागतो.

आता तेलाचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाकून दहा मिनिटं ठेवा. लाल किंवा तपकिरीकडे झुकलेला लाल डाग सारखा पसरला तर तेल जुनं आहे, पण जिवंत आहे. काळसर डाग, मधोमध गाळ आणि जळका वास असेल तर क्लचचं अस्तर जळालं आहे. टिश्यू उन्हात तिरका धरा. धातूची चमक दिसली तर बुश, बेअरिंग किंवा पंपाची झीज सुरू आहे. प्रत्येक चांगलं तेल लालच असतं असं नाही, काही कंपन्यांचं हिरवट किंवा पिवळसर असतं. म्हणून त्याच नावाच्या नव्या तेलाशेजारी ठेवून तुलना करा.

स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी, दुधाळ तेल दिसलं तर गाडी पुन्हा सुरू करू नका. पाणी किंवा कूलंट आत शिरलं आहे. बऱ्याच गाड्यांत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच बसवलेला असतो. तो आतून फुटला की दोन्ही द्रव मिसळतात. वर्षानुवर्षं कूलंटऐवजी सोसायटीच्या बोअरचं पाणी घातलेल्या गाड्यांत क्षारांमुळे हा कूलर लवकर गंजतो. कूलंटच्या टाकीत तेलाचा तवंग आहे का, तेही बघा. दुसरी वाट पावसाळ्यातली. बॉक्सला हवेसाठी ब्रीदर असतो. तापलेला बॉक्स बुडला की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी आत ओढलं जातं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की बाबा भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो. तिथे किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये बुडालेली गाडी इंजिन सुरू झालं म्हणून वाचली, असं धरू नका. गिअरबॉक्सचं तेल त्याच आठवड्यात तपासा. पाण्याने क्लचच्या अस्तराचा डिंक सुटतो आणि ते काही दिवसांनी सोलून निघतं.

बॉक्ससारखी दिसणारी, पण बॉक्सची नसलेली दुखणी

रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी मल्टिमीटरने मोजा. १२.६ व्होल्ट चांगलं, १२.२ च्या खाली बॅटरी अर्धी रिकामी. इंजिन सुरू असताना १३.५ ते १४.७ च्या दरम्यान आकडा हवा. नंतर हेडलाइट आणि एसी चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह आणि गिअरबॉक्सची धातूची बॉडी यांमधला फरक मोजा. तो ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आला तर अर्थची पट्टी गंजली आहे. सोलेनॉइड, म्हणजे बॉक्समधले विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, ठरावीक करंटवर तेलाचा दाब ठरवतात. व्होल्टेज डळमळीत असेल तर गिअरही डळमळीत पडतात आणि एकाच वेळी चार-पाच असंबद्ध कोड येतात.

माउंटिंग तपासायला बॉनेट उघडा, एकाला ब्रेक घट्ट दाबून ‘आर’ आणि ‘डी’ आलटून पालटून टाकायला सांगा आणि बाजूला उभं राहून बघा. इंजिन दोन-तीन सेंटिमीटर उसळत असेल तर तो ठोका माउंटिंगचा आहे. बॉनेटसमोर उभं राहू नका.

इंजिनाचा मिसफायर आणि कन्व्हर्टरच्या लॉक-अपची (स्थिर वेगात कन्व्हर्टरला इंजिनाशी थेट जोडणाऱ्या क्लचची) थरथर यांत गल्लत सर्रास होते. ५० ते ८० च्या वेगात हलक्या पायाने जाताना रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर आली, तर अ‍ॅक्सिलरेटर तसाच धरून डाव्या पायाने ब्रेकला फक्त दिवा लागण्यापुरता स्पर्श करा. मागे कोणी नाही याची खात्री आधी करा. ब्रेकच्या स्विचमुळे लॉक-अप सुटतो. थरथर त्या क्षणी थांबली तर दुखणं लॉक-अपचं, आणि ते कधी कधी योग्य तेल बदलूनच बरं होतं. चालूच राहिली तर प्लग, कॉइल आणि इंजेक्टर बघा.

‘पी’मधून लिव्हर निघतच नसेल तर मागचे ब्रेक लाइट लागतात का ते आधी बघा. अनेकदा त्या छोट्या स्विचचाच दोष असतो.

स्कॅनर: कोड पुसण्याआधी लिहून घ्या

मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ अडॅप्टर बहुधा इंजिनाचेच कोड दाखवतात. पी०७०० हा कोड एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोलरकडे तक्रार नोंदली आहे. खरी तक्रार वाचायला गिअरबॉक्सच्या मॉड्यूलमध्ये शिरणारा स्कॅनर लागतो. कोड आणि त्या क्षणाची फ्रीज फ्रेम, म्हणजे वेग, तापमान, गिअर, यांचा फोटो काढा. काही गॅरेजमध्ये गाडी आत घेताच कोड पुसले जातात. ते होऊ देऊ नका.

पी०७०५ लिव्हरची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरचा, पी०७११ तेलाच्या तापमानाचा, पी०७१५ इनपुट आणि पी०७२० आउटपुट वेगाच्या सेन्सरचा. या चारपैकी कोणताही कोड आला तर आधी वायर, कनेक्टर आणि सेन्सर तपासा, यांपैकी बरंचसं काम बाहेरूनच होतं. पी०७५० पासूनची मालिका शिफ्ट सोलेनॉइडची. पी०७४१ म्हणजे लॉक-अप पकडत नाही, पी०७४२ म्हणजे सुटत नाही. पी०७३१ ते पी०७३५ हे पहिल्या ते पाचव्या गिअरचं प्रमाण जुळत नसल्याचे आणि पी०७३६ रिव्हर्सचा. प्रमाणाचे कोड सर्वांत गंभीर, कारण तिथे प्रत्यक्ष घसरण मोजली गेलेली असते. तरी तेल कमी असेल तरीही हेच कोड येतात.

कोडइतकाच लाइव्ह डेटा बोलका असतो. समजा, एखाद्या गिअरचं प्रमाण १.५ आहे आणि आउटपुट शाफ्ट १,२०० आरपीएमने फिरतोय. मग इनपुट १,८०० दिसायला हवा. २,१०० दिसत असेल तर ३०० आरपीएम क्लचच्या घसरणीत जात आहेत आणि तिथे उष्णता होत आहे. लॉक-अप लागलेला असताना इंजिन आणि टर्बाइन (कन्व्हर्टरची बॉक्सकडची बाजू) यांच्या वेगातला फरक शून्याजवळ स्थिर राहायला हवा. तो सतत शंभरच्या पुढे उड्या मारत असेल तर कन्व्हर्टरचा क्लच संशयित.

गाडी एकाच गिअरमध्ये, बहुधा तिसऱ्या किंवा चौथ्यात, अडकली आणि इंजिन बंद करून सुरू केल्यावर काही वेळ ठीक चालली, तर तो लिंप मोड आहे. कंट्रोलरने बॉक्स वाचवण्यासाठी वीज काढून घेतलेली असते. हे वायरिंगमुळेही होतं, म्हणून लिंप मोड दिसला की लगेच बॉक्स उतरवायला होकार देऊ नका.

उभ्या गाडीवरच्या दोन चाचण्या

पहिली: गिअर लागायला किती वेळ लागतो. तेल गरम, एसी बंद, हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक लावलेला. ‘एन’मधून ‘डी’ टाकल्यापासून धक्का जाणवेपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजा. मग ‘एन’मधून ‘आर’. प्रत्येकी तीनदा मोजून सरासरी घ्या, मध्ये मिनिटभर थांबा. टोयोटा ‘डी’साठी १.२ सेकंद आणि ‘आर’साठी १.५ सेकंद ही मर्यादा देते, आणि इतर टॉर्क कन्व्हर्टर बॉक्सनाही हा अंदाज म्हणून चालतो. दोन्हीकडे उशीर होत असेल तर तेल, फिल्टर, पंप किंवा एकूण दाब. फक्त एकीकडे असेल तर त्या दिशेचा क्लच किंवा त्याचा सील. कुठेच गिअर लागत नसेल तर लिव्हरची केबल आणि अ‍ॅक्सल निसटला आहे का, हे आधी बघा.

दुसरी: स्टॉल टेस्ट. ही फक्त टॉर्क कन्व्हर्टरवर करायची. ड्युअल क्लच आणि एएमटीवर अजिबात नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्येही नाही. मोकळं मैदान बघा, पुढे-मागे माणूस नको, चाकांना गुटके लावा. तेलाचं तापमान ५० ते ८० अंश हवं. दोन्ही ब्रेक पूर्ण दाबून ‘डी’मध्ये अ‍ॅक्सिलरेटर तळाला न्या, आरपीएम जिथे थांबेल तो आकडा बघा आणि पाय काढा. हे सगळं ५ सेकंदांत, कारण त्या वेळात इंजिनाची पूर्ण ताकद कन्व्हर्टरमधल्या तेलाची उष्णता होत असते. नंतर ‘एन’मध्ये दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून तेल थंड होऊ द्या, मग ‘आर’मध्ये पुन्हा. बहुतेक गाड्यांचा आकडा १,८०० ते २,८०० च्या दरम्यान असतो, पण तुलना करायची ती तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या आकड्याशी. त्यापेक्षा बराच जास्त आला तर क्लच घसरतोय. बराच कमी आला तर इंजिन अशक्त आहे किंवा कन्व्हर्टरच्या स्टेटरचा (आतल्या तेलाला दिशा देणाऱ्या चाकाचा) एकमार्गी क्लच गेला आहे. काही नव्या गाड्यांत उभ्या अवस्थेत ईसीयू (इंजिनाचा कंट्रोलर) स्वतःच रेस रोखतो, तिथे या आकड्याचा उपयोग नाही. तेल आधीच काळं आणि जळकं निघालं असेल तर ही चाचणी सोडून द्या. उरलेलं अस्तर जाळून नवं काही कळणार नाही.

रस्त्यावर, आणि मग कोणता क्लच ते शोधणं

रविवारी सकाळी लवकर निघा आणि स्कॅनर दुसऱ्याच्या हातात द्या. थंड गाडी शहरात हलक्या पायाने चालवून प्रत्येक गिअर बदल बघा. मग कात्रज-देहूरोड बाह्यवळणावर ६० ते ८० चा स्थिर वेग धरून लॉक-अप बघा. नवले पुलाकडचा उतार मात्र कोणत्याही चाचणीसाठी वापरू नका, तिथल्या अपघातांचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी कात्रजच्या जुन्या घाटात किंवा सिंहगडाच्या चढावर तेल पूर्ण तापू द्या. ८० ते ९५ अंश साधारण ठीक. १२० च्या पुढे आकडा जात असेल तर थांबा, कूलर तुंबला आहे किंवा क्लच घसरतोय. ढोबळ नियम असा की दर १० अंश जादा तापमानाला तेलाचं आयुष्य निम्मं होतं. हिंजवडीच्या रांगेत तासभर सरकणारी गाडी हायवेवरच्या गाडीपेक्षा कमी किलोमीटरमध्ये तेल संपवते ते यामुळेच.

आता या लेखातला सर्वांत उपयोगी भाग. प्रत्येक गिअरला वेगळा क्लच नसतो. मोजके क्लच आणि बॉक्सच्या आतले ब्रेक (फिरता भाग रोखून धरणारे) यांच्या जोड्या करून गिअर तयार होतात. बॉक्सचा क्लच तक्ता मिळवा आणि वहीतल्या नोंदी त्यावर ठेवा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या अनेक गाड्यांत आढळणाऱ्या आयसिनच्या ६ गिअरच्या ०९जी बॉक्सचा तक्ता असा: के१ क्लच पहिल्या ते चौथ्या गिअरला, के२ चौथ्या ते सहाव्याला, के३ तिसऱ्या, पाचव्या आणि रिव्हर्सला. बी१ ब्रेक दुसऱ्या आणि सहाव्याला. बी२ रिव्हर्सला आणि मॅन्युअलमधल्या पहिल्याला. शिवाय पहिल्यासाठी एफ१ हा एकमार्गी क्लच.

यावरून वाचा. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रेस उडते, पाचव्यातही घसरतं आणि रिव्हर्सही उशिरा लागतो: तिन्हींत समान आहे तो के३. पाचवा आणि रिव्हर्स घट्ट आहेत, पण फक्त २-३ बदलताना रेस उडते: मग क्लच धरतोय आणि चूक वेळेची, म्हणजे सोलेनॉइड, व्हॉल्व्ह बॉडी किंवा अ‍ॅडॅप्टेशनची (कंट्रोलरने क्लचच्या झिजेप्रमाणे शिकलेल्या हिशेबाची). चौथा, पाचवा, सहावा तिन्ही गेले: के२. ‘डी’मध्ये गाडी उभ्यावरून निघत नाही, पण मॅन्युअलमध्ये पहिला टाकला की निघते: एफ१. हीच पद्धत कोणत्याही बॉक्सला लागू पडते, फक्त तक्ता त्याचाच हवा. फिटरला ‘के३चा संशय आहे’ असं नोंदींसकट सांगितलंत, तर संभाषणाची पातळीच बदलते.

चेंबर काढून बघणं

बॉक्स न उतरवता आत डोकावण्याची ही एकच जागा. तेल काढण्याआधी भरण्याचा प्लग सुटतो का ते बघा. तो जॅम असेल तर रिकाम्या बॉक्सची गाडी लिफ्टवरच अडकेल. निघालेलं तेल मोजून ठेवा. चेंबरमधल्या मॅग्नेटवर मऊ, करडी पेस्ट दीड लाख किलोमीटरला अपेक्षितच आहे. बोटांत टोचणारे पोलादी कण हे गिअर किंवा बेअरिंगचे. पितळी चकाकी बुशची. तळाशी काळे, खपल्यांसारखे तुकडे म्हणजे अस्तर निघालं, आणि मग नुसतं तेल बदलून काही साधणार नाही. शक्य तिथे फिल्टर नवा घाला, गॅसकेट नवं घाला आणि बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. जोर केला तर चेंबर वाकतो आणि पुन्हा गळतो.

‘जुन्या बॉक्सचं तेल बदललं की बॉक्स मरतो’ हे सतत ऐकू येतं. घसरायला लागलेला बॉक्स तेल बदलल्यानंतर बंद पडतो, कारण त्याचे क्लच आधीच संपलेले असतात. गिअर नीट पडत असतील आणि तेल फक्त जुनं असेल तर बदलावंच. मशीनच्या दाबाने फ्लश करण्यापेक्षा काढून-भरण्याची पद्धत जुन्या बॉक्सला सुरक्षित. एकूण ८ लिटरपैकी चेंबरमधून ४ लिटरच निघत असेल तर एका वेळी निम्मं तेल नवं होतं, दुसऱ्यांदा ७५ टक्के, तिसऱ्यांदा ८७.५ टक्के. दोन वेळांमध्ये काही शे किलोमीटर गाडी चालवा. तेल कंपनीच्या मानकाचंच घ्या: टोयोटाला डब्ल्यूएस, ह्युंदाईच्या ६ गिअरच्या बॉक्सना एसपी-४, होंडाच्या टॉर्क कन्व्हर्टरना डीडब्ल्यू-१. नाना पेठेतून सुट्या कॅनमध्ये ‘सगळ्याला चालणारं’ तेल आणू नका. सीलबंद डबा घ्या आणि त्यावरचं मानक वाचा.

वायरी, सोलेनॉइड, दाब

बॉक्सवरचा मोठा कनेक्टर सोडवून बघा. आत तेल झिरपलं आहे का, पिना हिरव्या पडल्या आहेत का, वायरिंगवर उंदरांचे दात आहेत का. झाडाखाली किंवा बेसमेंटमध्ये चार-चार दिवस उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हे वारंवार सापडतं. मग सोलेनॉइडचा रोध मोजा. टोयोटाच्या बॉक्समध्ये २० अंशांना साध्या शिफ्ट सोलेनॉइडचा ११ ते १५ ओम आणि दाब ठरवणाऱ्या लिनिअर सोलेनॉइडचा ५ ते ५.६ ओम असायला हवा. इतरांचे आकडे त्यांच्या मॅन्युअलमध्ये मिळतील. रोध बरोबर असूनही सोलेनॉइड गाळाने अडकलेला असू शकतो, म्हणून हा आकडा दोष सिद्ध करतो, निर्दोषपणा नाही.

एवढं करूनही संशय उरला तर लाइन प्रेशर, म्हणजे बॉक्समधल्या तेलाचा मूळ दाब, मोजायला सांगा. बॉक्सवर त्यासाठी प्लग असतो, तिथे २० बारपेक्षा मोठा गेज लागतो. रिव्हर्सचा दाब ‘डी’पेक्षा जास्त असतो, हे बहुतेक बॉक्समध्ये स्वाभाविक आहे. सगळीकडे दाब कमी असेल तर फिल्टर, पंप किंवा प्रेशर रेग्युलेटर. एका गिअरमध्येच कमी असेल तर त्या क्लचचा सील. दाब पूर्ण असूनही घसरत असेल तर अस्तर संपलं, आणि आता बॉक्स उतरवणं रास्त आहे.

उतरवायचं ठरलं तर

अंदाजपत्रक लेखी घ्या आणि त्यात कोणता भाग का बदलणार, ते लिहून मागा. जुने भाग परत हवेत, हे आधीच सांगा. रिबिल्डमध्ये फ्रिक्शन प्लेट, सगळे सील, बुश आणि फिल्टर यायलाच हवेत. अस्तर जळालेल्या बॉक्सचा कन्व्हर्टर तसाच परत बसवू नका, आतला गाळ धुऊन निघत नाही. वापरलेला बॉक्स आणणार असाल तर बॉक्सचा कोड अक्षर न् अक्षर जुळवा आणि कंट्रोलरचं प्रोग्रॅमिंग कोण करणार, हे पैसे देण्याआधी ठरवा.

सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे कूलर. जुन्या बॉक्सचा भुगा कूलरच्या अरुंद नळ्यांत बसून राहतो आणि पहिल्याच दिवशी नव्या क्लचमध्ये शिरतो. बारीक जाळीचा कूलर बदलाच, साधा असेल तर उलट दिशेने धुऊन तेलाचा प्रवाह मोजून घ्या. बॉक्स बसवल्यावर स्कॅनरने अ‍ॅडॅप्टेशन रीसेट करून नव्याने शिकवावं लागतं, नाहीतर कंट्रोलर जुन्या झिजलेल्या क्लचच्या हिशेबाने दाब देत राहतो. हजार किलोमीटरला पातळी आणि मॅग्नेट पुन्हा तपासा.

आणि गाडी वाटेतच बंद पडली तर दोर बांधून ओढत आणू नका. इंजिन बंद असताना बॉक्सचा पंप फिरत नाही, आतले भाग कोरडे घासतात. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीची पुढची चाकं उचला. ऑल-व्हील ड्राइव्ह असेल किंवा शंका असेल तर चारही चाकं वर घेणारी फ्लॅटबेडच मागवा आणि फोनवरच सांगा की गाडी ऑटोमॅटिक आहे.